बोर्ड गेला म्हणायच्या आधी

पत्र:
काका, सप्रेम नमस्कार. आमचं सोळा बायकांचं भजनी मंडळ आहे. गेल्या श्रावणात वर्गणी काढून, त्यात भिशीचे थोडे पैसे घालून १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर, सहा चॅनलचा मिक्सर आणि चार माइक घेतले. पहिले तीन कार्यक्रम छान झाले. आता रोज नवं दुखणं. तानपुऱ्याचं ॲप लावायला मोबाइल जोडला की घूंऽऽ सुरू होतं. मोबाइलवरून अभंग लावला तर टाळ-बासरी ऐकू येते, गाणाऱ्याचा आवाजच नाही. जुने अभंग लावले तर जवळपास काहीच नाही. डावा स्पीकर मधूनच करकरतो, थोपटलं की गप्प बसतो. दुपारच्या कार्यक्रमात तासाभराने लाल दिवा लागून स्पीकर बंद पडतात आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होतात. शिट्टी तर पाचवीलाच पुजलेली. तालुक्याच्या दुकानदाराने डावा स्पीकर न उघडताच सांगितलं, ॲम्प्लिफायरचा बोर्ड गेला, साडेसहा हजार. घूं घालवायला आमच्यातल्या एकीचे यजमान म्हणतात, थ्री-पिनची मोठी पिन काढून टाका. ते स्वतः पक्कड घेऊन यायला तयार आहेत. सप्ताह तीन आठवड्यांवर आलाय. काय करू?
– सचिव, एक महिला भजनी मंडळ, संगमेश्वर तालुका

ताई,

आधी त्या यजमानांचं बघू. त्यांना चहा द्या आणि पक्कड तेवढी काढून घ्या.

ती मोठी पिन म्हणजे अर्थिंग. मिक्सरचा पत्रा, स्पीकरच्या पाठीवरची ॲल्युमिनियमची पट्टी, केबलच्या आतली तारांची जाळी आणि थेट माइकची बॉडी, हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं आणि त्या पिनेने जमिनीला बांधलेलं असतं. उद्या आतली एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर पिन असताना फ्यूज उडेल. पिन नसताना २३० व्होल्ट माइकवर येऊन बसतील. माइक गाणारीच्या ओठांपासून दोन बोटांवर, पाय अनवाणी, आणि देऊळ असल्यामुळे फरशी नुकतीच धुतलेली. वाईट म्हणजे पिन काढल्यावर घूं पुष्कळदा खरंच जाते, त्यामुळे काढणाऱ्याचं कौतुकही होतं. मी स्वतः एका मंडपात माइकला ओठ लागून झटका खाल्लाय. तो नुसता चिमटा होता, पण त्यानंतर आठ दिवस मी माइक तपासताना आधी हाताची उलटी बाजू लावून बघत होतो.

उलट तुमच्या वायरमनला दोन गोष्टी विचारा. देवळाच्या सॉकेटला तिसरं भोक आहे, त्यामागे वायर आहे का? पुष्कळ ठिकाणी भोक नुसतं शोभेचं असतं. आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की क्षणात लाइन तोडणारा खटका, आहे का? नसेल तर सप्ताहाच्या खर्चात ती बसवून घ्या.

आता साडेसहा हजार.

आमच्या वेळी मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, वेगळं आणि बॉक्स वेगळे असायचे. आवाज गेला की कळायचं, मशीन उचलायचं की बॉक्स. आता मशीन बॉक्सच्या पाठीतच बसवलेलं, तेही बहुधा एक नाही. खालच्या वूफरला एक आणि वरच्या भोंग्याला एक. त्यामुळे काहीही झालं की 'आतलं गेलं' म्हणणं दुकानदाराला सोपं झालंय. पण माझा इतक्या वर्षांचा हिशोब असा, की 'स्पीकर बिघडला' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सात-आठ बॉक्सच्या बाहेरच मिटतात. आणि तुम्हीच पत्रात लिहिलंय की थोपटलं की गप्प बसतो. जळालेला बोर्ड थोपटून बरा होत नाही. थोपटल्यावर ऐकतो तो सैल सांधा. सांधा कुठला, एवढंच शोधायचंय, आणि त्याला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. अदलाबदल लागते.

दोन्ही स्पीकरची आवाजाची बटणं शून्यावर आणा. मिक्सरकडून स्पीकरकडे येणाऱ्या दोन केबली आहेत, टोकाला तीन काड्यांच्या कॅनन पिना. फक्त स्पीकरकडची टोकं बदला: डाव्या बॉक्सची केबल उजव्याला, उजव्याची डाव्याला. मिक्सरच्या टोकाला हात लावू नका. एकावेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला सगळा शहाणपणा. मग बटणं पुन्हा होती तिथे आणून एखादा संथ अभंग लावून अर्धा तास बसा, निवडण-टिपण घेऊन बसलात तरी चालेल.

करकर आता उजव्या बॉक्समधून आली तर पैसे वाचले. बॉक्स निर्दोष, दोष केबलमध्ये आहे किंवा मिक्सरच्या डाव्या आउटमध्ये. मग स्पीकरकडची टोकं तशीच ठेवून मिक्सरकडची बदला. करकर उजव्या बॉक्सलाच चिकटून राहिली तर केबल. डाव्याकडे परत गेली तर मिक्सरचा आउट.

केबल निघाली, आणि माझी पैज केबलवरच आहे, तर कॅनन पिनेचं मागचं टोपण फिरवून काढा. आत तीन पाय दिसतील, शेजारी १, २, ३ असे बारीक आकडे कोरलेले. चष्मा लावून बघा. १ वर तारांची जाळी, २ आणि ३ वर दोन वायरी. बाहेरून केबल धडधाकट दिसते आणि आत त्यातली एक वायर दोन-तीन केसांवर लटकलेली सापडते. बोट लावलं की हलते. कोणीतरी पिन न धरता केबल धरून ओढलेली असते, किंवा कार्यक्रम संपल्यावर केबल कोपर आणि तळव्यामध्ये दोरीसारखी कचकचून गुंडाळलेली असते. तुमच्या गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणी असेल तर तो पाच मिनिटांत कथिलाचा टाका मारून देईल. इथून पुढे केबलीची मोठी सैल वेटोळी करा, कळशी ठेवायच्या चुंबळीएवढी नको, परातीएवढी.

करकर पहिल्यापासून शेवटपर्यंत डाव्याच बॉक्समध्ये राहिली, तरी बोर्डावर यायला अजून वेळ आहे. स्पीकर बंद करून त्याच्या पाठीवरचं आवाजाचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. कोकणातल्या पावसाळ्यानंतर या बटणांच्या आत गंज आणि धूळ बसते, आणि मग बटण हललं की खरखर, बॉक्स हादरला की करकर. स्पीकर परत चालू केल्यावरही बटण फिरवताना खरखर ऐकू येत असेल तर तो बंद करून आत फवारायला कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. बिजागऱ्यांना मारतात तो स्प्रे मारू नका. तो तेलकट थर ठेवतो आणि त्यावर पुढच्या वर्षी दुप्पट धूळ बसते. याच स्पीकरला दुसरं इनपुट असेल तर तेही वापरून बघा. पहिल्यात करकर आणि दुसऱ्यात नाही, तर नुसतं सॉकेट सैल झालंय. एवढं सगळं करूनही करकर राहिलीच, तर न्या दुरुस्तीला, पण तिथेही 'बोर्ड बदला' म्हणून देऊ नका, 'सांधे तपासून टाके मारा' म्हणून द्या.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, गायक नाहीसा होण्याची. हे भूत मी इतक्या लग्नांत, संमेलनांत आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये बघितलंय की तुमची केबल न बघता सांगतो: एका टोकाला मोबाइलचा बारीक ईपी जॅक, दुसऱ्या टोकाला एकच जाड पी-३८ जॅक, आणि त्या जाड जॅकवर दोन काळ्या रेघा. बरोबर?

मोबाइल दोन आवाज देतो, डावा आणि उजवा. मिक्सरला मात्र दोन रेघांचा जॅक दिसला की त्याला वाटतं ही बॅलन्स्ड लाइन. बॅलन्स्ड लाइनमध्ये एकच आवाज दोन वायरींतून पाठवलेला असतो, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. मिक्सर पहिल्यातून दुसरा वजा करतो. उलट्याला वजा केलं की बेरीज होते, आवाज दुप्पट मिळतो. आणि वाटेत दोन्ही वायरींत सारखीच शिरलेली घूं मात्र वजा होऊन जाते. मोठी छान युक्ती आहे ती, लांब केबली शांत राहतात त्या याच वजाबाकीमुळे. तुमच्याकडे ती भलत्या जागी लागलीय. मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतोय. गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखा. सारख्यातून सारखं गेलं, शून्य उरलं. टाळ एका अंगाला, बासरी दुसऱ्या अंगाला, म्हणून ते तेवढे वाचले. आणि जुनी ध्वनिमुद्रणं मोनो. त्यांच्यात डावं-उजवं तंतोतंत एकच. तिथे अख्खा अभंगच वजा होतो.

उपाय स्वस्त आहे. दुकानात 'ईपी स्टिरिओ टू डबल पी-३८ मोनो' मागा. एका टोकाला बारीक जॅक, दुसऱ्या टोकाला दोन वेगळे जाड जॅक, प्रत्येकावर एकच रेघ. दोन चॅनलना एकेक लावा, किंवा मिक्सरवर डावं-उजवं असं जोडचॅनल असेल तर तिथे लावा. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ही केबल ढिगाने मिळते, आणि तालुक्यालाही मिळावी. जुनी केबल मात्र फेकू नका. एखादीला गायकाशिवाय नुसत्या साथीवर रियाज करायचा असेल तर तिच्याइतकं सोपं साधन नाही. आणि कार्यक्रमात मोबाइल विमान मोडवर टाकायला विसरू नका. ऐन गजरात कर्ज हवंय का म्हणून विचारणारा फोन दोन्ही बॉक्समधून गावाला ऐकवल्याचं मी पाहिलंय.

घूं. तुम्ही गाणाऱ्या आहात म्हणून कानानेच सांगतो. पेटीवर पांढरी पाच दाबा आणि घूं ऐका. ती पांढरी पाचच्या आसपास, थोडी चढी लागेल, सप्तकं खाली. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि ५० हर्ट्झ तिथेच पडतात. असा गोल, जाड, एकसुरी आवाज असेल तर तो अर्थिंगच्या चक्राचा. मिक्सर स्टेजवरच्या बोर्डात, स्पीकर सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाच्या बोर्डात, दोन्हींचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने येतं आणि मधली केबलची जाळी त्या दोन वाटांना जोडून वर्तुळ पुरं करते. त्या वर्तुळातून बारीकसा प्रवाह फिरत राहतो, तोच तुम्हाला ऐकू येतो. औषध म्हणजे मिक्सर आणि दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावरून लांब एक्स्टेन्शनने चालवा आणि मधल्या केबली कॅनन ते कॅनन, बॅलन्स्डच ठेवा. वजाबाकी इथे तुमच्या बाजूने काम करते.

तुमची घूं मात्र मोबाइल जोडल्यावर येते, म्हणून माझा संशय दुसऱ्याच आवाजावर आहे. नीट ऐका. गोल नसून झर्र, मधमाश्यांसारखी, वर बारीक किनार असलेली आहे का? तसं असेल तर तानपुरा सुरू ठेवून मोबाइलचा चार्जर उपटा. झर्र क्षणात थांबली तर गुन्हेगार चार्जर. दोन पिनांच्या चार्जरमधून थोडासा चोरटा प्रवाह केबलच्या जाळीत उतरतो. चार्जिंगला लावलेल्या फोनच्या कडेवर बोट फिरवलं की जी झिणझिण लागते ती हीच. दोन तासांच्या भजनात फोन चार्जरवर ठेवावाच लागतो म्हणाल, तर तो पॉवर बँकेवर ठेवा. पॉवर बँक भिंतीला जोडलेली नाही, प्रवाहाला वाटच नाही. लॅपटॉपचंही तेच, बॅटरीवर चालवा. कार्यक्रमाला बाहेरचे लोक लॅपटॉप घेऊन नेहमीच येत असतील तर एक डीआय बॉक्स, लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची ट्रान्सफॉर्मरवाली डबी, घेऊन ठेवा. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर आवाज पलीकडे पोचवतो आणि त्यावरचा ग्राउंड-लिफ्टचा खटका दाबला की अर्थिंगचं वर्तुळ तुटतं. तिथे पक्कड लागत नाही, हे यजमानांना सांगा.

चार्जर उपटूनही आवाज राहिला तर मागून पुढे या. स्पीकरला काहीच न जोडता तो चालू करा. शांत? मग मिक्सर जोडा, सगळे चॅनल खाली. शांत? मग एकेक चॅनल, एकेक केबल. ज्या पायरीवर घूं सुरू झाली तिथे दोष. एलईडीच्या माळा मात्र त्याआधी बंद करून बघा. स्वस्त माळांचे अडॅप्टर हवेत इतका कचरा टाकतात की मी अर्धा दिवस केबली बदलत बसलो आणि शेवटी मखराची रोषणाई विझवल्यावर घूं गेली.

याच ओघात एक तपासून घ्या, तुम्ही विचारलं नाहीत तरी. स्पीकरच्या पाठीवर माइक-लाइन असा खटका असतो. मिक्सरची केबल लावलीय तर तो लाइनवरच हवा. माइक काही मिलिव्होल्ट देतो, मिक्सर साधारण सव्वा व्होल्ट. काहीशे पटींचा फरक आहे. खटका माइकवर राहिला तर आवाज फाटतो, आणि सगळे म्हणतात वूफर गेला. उलट बाजूने स्पीकरची बटणं फुल्ल आणि मिक्सरचा मास्टर तळाला, असं ठेवलंत तर कायम शूंऽ ऐकू येईल. मास्टर शून्याच्या खुणेवर (हे शून्य तळाला नसतं, बरंच वर असतं), स्पीकरचं बटण मध्यावर, तिथून सुरुवात करायची.

लाल दिवा. तासाभराने बंद, थोड्या वेळाने आपोआप चालू, तेही दुपारीच. हा आजार नाही, हा ताप आहे. मशीन तापलं की स्वतःला वाचवायला झोपतं, गार झालं की उठतं. स्पीकरची पाठ म्हणजे त्याचं नाक समजा. तुम्ही ते भिंतीला चिकटवलेत का? की मागून मखमली पडदा सोडलाय? वरून प्लास्टिकचा कागद? पत्र्याच्या छपराखाली तर हवाच तापलेली असते. भिंतीपासून वीतभर तरी पुढे घ्या, पाठीवर ऊन येत असेल तर जागा बदला, पडदा हवा तर तो त्याहून मागे लावा. दुसरं कारण पखवाजाचं. पखवाज घुमावा म्हणून कोणीतरी बेसचं बटण उजवीकडे नेलं असणार. बेस ६ डेसिबलने वाढवला की तेवढ्या भागाला चौपट वॅट लागतात, आणि मशीन तेवढं जास्त तापतं, ती उष्णता पाठीवरच्या त्याच पट्टीतून बाहेर पडते. बॉक्सवर १००० वॅट लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तो आकडा बहुधा क्षणभराच्या शिखराचा असतो, तासभर टिकणारा नसतो. आणि दुप्पट वॅटनी आवाज वाढतो तो ३ डेसिबल, म्हणजे मागच्या रांगेतल्या आजींना जेमतेम जाणवेल इतका. आजींना ऐकू यायला हवं असेल तर बॉक्स स्टँडवर चढवा, डोक्यांच्या वर. तळाशी त्यासाठीच भोक असतं. खाली ठेवलेल्या बॉक्सचा वरचा भोंगा पहिल्या रांगेतल्या पदरांतच जिरतो.

शिट्टी थोडक्यात सांगतो, कारण तुम्हाला कोणी ना कोणी आधी सांगितलं असेलच. स्पीकर माइकांच्या पुढे हवेत आणि त्यांची तोंडं श्रोत्यांकडे. माइक ओठांजवळ, अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात, मिक्सरवरून तेवढे द्यायला गेलात की शिट्टी. माइकचं जाळीचं डोकं मुठीत धरू नका. त्या जाळीमागे छोट्या फटी असतात, त्यांच्यामुळे माइकला मागचा आवाज कमी ऐकू येतो. मूठ वळली की तो चोहीकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. प्रत्येक मंडळात एक तरी ताई अशी मूठ वळणारी असतेच, तुम्हाला ती कोण ते आत्ता आठवलंही असेल. जो माइक वापरात नाही तो बंद. उघडे माइक दुप्पट झाले की ३ डेसिबल गेलेच. टाळांना माइक देऊच नका, टाळ कुणाच्या परवानगीची वाट बघत नाहीत. आणि एको. एको कमी करा. मला माहीत आहे, तो सगळ्यांना गोड लागतो, पण एकोतला प्रत्येक परतीचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शब्दांचं पिठलं होतं. अभंगात शब्द ऐकू आले पाहिजेत हे मी ध्वनिवाला म्हणून कमी आणि ऐकणारा म्हणून जास्त सांगतोय.

सप्ताहाचं मात्र वेगळं भय आहे, आणि ते तुमच्या पत्रात नाही. मंडप पडला की मंडपवाला थ्री-फेज घेईल, एका फेजवर रोषणाई, दुसऱ्यावर पंखे, तिसऱ्यावर तुम्ही. या सगळ्यांचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची वायर, एकच, आणि तो कुठेतरी पिळून चिकटपट्टी मारलेला. तो सुटला की तुमच्या २३० व्होल्टच्या बॉक्सवर ४०० च्या जवळपास जाऊ शकतात. आमच्याकडच्या एका जत्रेत असंच झालं. आधी एका बाजूच्या ट्यूब एकदम लखलखल्या आणि दुसऱ्या बाजूच्या मलूल झाल्या. लोकांना वाटलं काहीतरी करामत केलीय. मी मुख्य बटणाकडे पळालो, पोचलो तेव्हा दोन बॉक्समधून धूर निघत होता. त्यामुळे वायरमनसमोर उभं राहून न्यूट्रल पक्का टर्मिनलमध्ये कसून घ्या, आणि मंडपातले दिवे असे उलटसुलट वागले तर कारण शोधत बसू नका, आधी प्लग ओढा. जनरेटर आणलात तर तो सुरू होऊन स्थिर झाल्यावर मल्टिमीटरने व्होल्टेज बघा, मगच स्पीकर लावा.

चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी. उलट केलंत की धप्प होतो, आणि तो धप्प वूफर विसरत नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर २००० सालच्या नियमांनी बंदी आहे, तेव्हा काकड्याला बाहेरचे बॉक्स बंदच ठेवा. काकडा तसाही बिनमाइकचा जास्त गोड लागतो.

स्पीकर उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट काही वेळ दबा धरून बसलेले असतात. पाठीच्या प्लगखालच्या खणातला फ्यूज तेवढा तुम्ही बदलू शकता, प्लग काढून, आणि खणाशेजारी छापलेल्या आकड्याचाच. नवा फ्यूज लावताक्षणी उडाला तर तिसरा लावू नका, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नाहीच नाही. जळका वास आला, चालू करताच वूफरचा पडदा धाडकन पुढे येऊन तिथेच राहिला, किंवा बंद स्पीकरचा पडदा दोन्ही हातांनी हलकेच दाबल्यावर आत घासल्यासारखं लागलं, तर मात्र कारागीर. माझ्याकडे आलेल्या एका 'बोर्ड गेलेल्या' बॉक्समध्ये वाळलेली पाल निघाली होती, दोन टाक्यांच्या मध्ये पसरलेली. बोर्ड तिच्यासकट गेला होता, ते खरं. म्हणून पावसाळ्यात बॉक्स गोणपाटाखाली कोपऱ्यात न ठेवता फळीवर ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा तासभर वाजवा. ओल जाते, पाली-मुंग्यांना घर मिळत नाही, आणि तुमचा रियाजही होतो.

साडेसहा हजार सध्या भिशीतच राहू द्या. या रविवारी दोन केबलींची टोकं बदला आणि मला कळवा, करकर कुणाबरोबर गेली, वायरीबरोबर की बॉक्सबरोबर. बोर्डाचं त्यानंतर बोलू.

– काका